आज्याच्या धोकटीतली पथरी

मागच्या दिवाळीत माळ्यावरून आज्याची न्हावीकामाची धोकटी उतरवली. दोन वस्तरे, वाळून कडक झालेली चामोटी (वस्तरा ओढायचा चामड्याचा पट्टा) आणि तळाशी डांबराच्या वडीसारखा काळा, चिकट दगड. मी तो बाजूला टाकणार, तेवढ्यात आत्या ओरडली, "फेकू नोको रे बापू! पथरी हाय ते. साऱ्या गावाचे वस्तरे नाही, पण साऱ्या गावाची दाढी तिच्यावर चालली."

पथरी म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात माझंही दुकान आहे. पण मी अर्ध्या ब्लेडवाला. गिऱ्हाईक बदललं की पातं बदलायचं, त्यामुळे पथरीला हात लावायची वेळच कधी आली नव्हती.

मळ साबणानं निघेना, रॉकेलनंही निघेना. मग आत्याला आठवलं की आजा पथरीवर जवसाचं तेल टाकायचा. तिथे कोडं सुटलं. जवसाचं तेल खोबरेलासारखं ओलं राहत नाही, हवेनं सुकून घट्ट होतं. म्हणून तर सुतार ते लाकडाला लावतात. म्हणजे दगडावर थरावर थर वार्निश चढलं होतं. रोज दुकान बंद केल्यावर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासत बसलो. उकळायचा मोह झाला, पण तापून दगडाचे थर सुटले तर? ॲसिड तर नकोच. आठव्या दिवशी काळ्याखालून पिवळा रंग दिसला, ज्वारीच्या भाकरीपेक्षा थोडा गडद. माझे हात थरथरले, खरं सांगतो.

उलट बाजू जांभळट निळी. कडेला दोन रंगांची हद्द वाकडीतिकडी, चिकटवल्याची रेघ कुठेच नाही. म्हणजे दोन्ही थर निसर्गानंच जोडलेले. पिवळ्या बाजूवर पाणी टाकून घासलं तर दुधासारखा गाळ निघाला, निळ्या बाजूवर जांभळट.

हा कोटिक्युल, म्हणजे बेल्जियमचा धार लावायचा दगड, असावा असं वाटलं. शंका उरू नये म्हणून सराफाच्या काट्यावर गेलो. दगड भरला 284 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्यानं पाण्यात अधांतरी धरला. काटा 90 वर थांबला, म्हणजे दगडाएवढ्या आकाराच्या पाण्याचं वजन 90 ग्रॅम. 284 भागिले 90, म्हणजे पाण्याच्या 3.16 पट जड. साधी पाटी 2.7-2.8 च्या आसपास असते, अमेरिकेतला अर्कान्सा हा धारेचा दगडही साधारण तेवढाच किंवा हलका. हा जास्तीचा भार गार्नेट या कठीण खनिजाचा. डोळ्यांना न दिसणारे ते कणच पोलाद कापतात. हा बेल्जियममधला कोटिक्युल, आर्डेन डोंगरातल्या व्हील्साल्मकडचा. त्याला तेल लागतच नाही, पाणी पुरतं.

तो इथवर आला कसा? आत्या म्हणते, जिनिंगच्या एका मॅनेजरनं आज्याला दिला. तिच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे.

पिवळी बाजू मधे खोल गेली होती. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर अंथरला, दगडावर पेन्सिलनं चौकटी आखल्या आणि रेघा सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत घासलं. आधी 220 नंबरचा पेपर, मग 400, शेवटी 1000. सगळं ओलं ठेवून, कारण ती धूळ छातीत जाते.

परवा त्यावर आज्याचाच वस्तरा लावला, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून. मग नव्या चामोटीवर ओढला आणि बाबांची दाढी केली. बाबांनी गालावरून दोनदा हात फिरवला आणि पथरी मागितली.

निळ्या बाजूला एका टोकाशी खळगा आहे. आजा तिथे कातऱ्या लावायचा, बाबांनी सांगितलं. ती बाजू मी सपाट केलेली नाही.