तुम्ही विचारलंत म्हणून: सुई घ्यायचात का?

सोसायटीचा गणपती असो नाहीतर कॉलेज, व्यसनावर बोलायला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी हळूच जवळ येतंच. "काका, रागावू नका, पण तुम्ही सुई घ्यायचात का?" आणि बघतात कुठे, तर माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला. म्हणून एकदाच लिहून टाकतो. नाही. सात वर्षं गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर होतो, एकदाही टोचून घेतलं नाही. लकडी पुलाखाली बसून पन्नीवर ओढायचो, म्हणजे चांदीच्या कागदावर पावडर ठेवून खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या ओळखीतले सगळे ओढणारेच होते, आणि यात आमची अक्कल काही नाही, मालच तसा यायचा. ब्राऊन शुगर म्हणजे अर्धवट शुद्ध केलेलं हेरॉईन, पाण्यात धड विरघळत नाही पण आच लागली की धूर देतं. त्याच काळात मणिपूरला म्यानमारकडून पांढरी पावडर यायची, नंबर फोर म्हणायचे तिला, ती विरघळते, मग तिकडची पोरं सुईवर गेली, एकेक सुई चौघाचौघांत फिरली आणि एचआयव्ही वणव्यासारखा पसरला. आम्ही शहाणे आणि ते वेडे असं काही नव्हतं हो.

पुढे माल महागला, भेसळ वाढली. ओढताना निम्मा धूर हवेत जातो हे कंगाल झालेल्या माणसाला फार खुपतं, त्यामुळे आमच्यातले दोघं-तिघं सुईवर गेले, काही मेडिकलमधल्या पेनकिलरच्या इंजेक्शनवर, काही नुसत्या गोळ्यांवर. अमेरिकेत आता उलटं चाललंय. फेंटानिल आल्यावर लोक सुई सोडून ओढायला लागले, तरी मरतायतच, २०२२ संपेपर्यंत तिथल्या ओव्हरडोसच्या मृत्यूंत सुईपेक्षा ओढल्याच्या खुणा जास्त सापडायला लागल्या होत्या.

मग ओढलेलं बरं का? सुईतून येणारे रोग टळतात, एवढं खरं. टर्की, म्हणजे माल मिळाला नाही की होणारा त्रास, मात्र तीच. नाक गळतं, हाडं ठणकतात, पोटात पीळ पडतो, जांभयांवर जांभया. आणि मधे महिनाभर सोडून परत जुन्याच मापाने घेतलं की माणूस बसल्या जागी जातो, असा एक मित्र गेलाय माझा.

आईबाप मात्र अजून पोरांचे हातच तपासतात. २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात अफू, हेरॉईन, पेनकिलर असलं सगळं धरून घेणारे सव्वादोन कोटींच्या वर निघाले आणि सुईने नशा करणारे साधारण साडेआठ लाख. म्हणजे बाकीच्यांच्या हातावर काय दिसणार, कप्पाळ?

माझ्या आईनेही हात बघितले होते, बाही वर करून, खिडकीपाशी उजेडात नेऊन. स्वच्छ. तेव्हा सिगरेटच्या पाकिटातली चांदी माझ्या अकाउंट्सच्या पुस्तकात नखाने सरळ करून ठेवलेली असायची. तिला खटकायच्या काड्यापेट्या. "गॅसला लायटर आणलाय, तरी काड्यापेट्यांचं अख्खं पुडकं महिन्यात कसं संपतं रे?"

मी म्हटलं, निरांजनाला लागतात. खरंच, त्या दिवसापासून ती निरांजनही लायटरनेच लावायला लागली.