तीन हजारांची खावटी आणि लातूरची अकरावी

लेक अकरावीला लातूरला गेली आणि आमचा दहा वर्षांपूर्वीचा हुकूम एकदम तोकडा पडला.

२०१५ मध्ये नांदेडच्या कोर्टात परस्पर संमतीने आमची फारकत झाली, तेव्हा पोर पाच वर्षांची होती. ताबा माझ्याकडे, तिची खावटी, म्हणजे तिच्या पालनपोषणाचा खर्च, महिना तीन हजार, आणि दर दुसऱ्या-चौथ्या रविवारी अकरा ते पाच या वेळात वडिलांनी उदगीरला येऊन तिला भेटायचं, असं ठरलं. माझ्या वाट्याला जी एकरकमी रक्कम आली तिच्यातून मी शिलाई मशीन आणि इंटरलॉक घेतलं, भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. त्या वेळी हे सगळं रास्तच होतं. बालवाडीतल्या लेकराला लागून लागून काय लागतं? वडीलही पैसे वेळेवर टाकायचे, रविवारी यायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुणाला असं वाटायला नको की मी एखाद्या वाईट माणसाची गोष्ट सांगतेय.

मग २०२५ चा मे आला. दहावीचा निकाल लागला. त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होते, आणि पोरीने पसंतीक्रमात एकापाठोपाठ एक लातूरची कॉलेजं भरली. तिला डॉक्टर व्हायचंय. मराठवाड्यातलं लेकरू 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, मागे लागलं की एकतर लातूर धरतं नाहीतर नांदेड. कॉट बेसिसवर रूम, मेस, अभ्यासिकेतली जागा, क्लासच्या फीचे हप्ते, वर झेरॉक्स. नुसती मेसच महिना बत्तीसशे. तिच्या खावटीत तिचं दोन वेळचं जेवणसुद्धा बसेना. त्यात क्लासची टेस्ट नेमकी रविवारी. भेटीचे रविवार टेस्टमध्ये जायला लागले, वडील उदगीरच्या स्टँडवर येऊन ताटकळले आणि फोनवर माझ्यावर चिडले. चिडणं साहजिक होतं. कागदावर तो वार त्यांचाच होता.

घरच्यांचं म्हणणं एकच, बसून मिटवा. माय म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये बाई. एकदा सुटलीस की त्यातून, परत कशाला जातीस?" पोरीचे वडील म्हणाले, "सोयाबीन निघालं की देतो वाढवून, कोर्टबिर्ट काही नको." त्यांच्या शब्दावर माझा अविश्वास नव्हता. पण सोयाबीन निघणार ऑक्टोबरात आणि क्लासचा हप्ता जुलैत. शिवाय तोंडी वाढवलेली खावटी ही देणाऱ्याची मर्जी असते. आज दिली, उद्या नाही दिली, तर जाब कुणाला विचारणार? भेटीचंही तेच. मी म्हणाले "रविवारी येऊ नका" आणि उद्या वाद झाला, तर हुकूम मोडला म्हणून मीच आरोपी. कोर्ट बदलत नाही तोवर जुना हुकूम दोघांवरही चालूच असतो.

ज्या बाया आज "बघू पुढच्या वर्षी" म्हणत थांबल्यात, त्यांच्यासाठी हे सांगते. वाढीव रक्कम धरली जाते ती साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० ला खावटी अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी असं घालून दिलंय. गरज कधीपासून होती याला तिथं मोल नाही, अर्जावर शिक्का कधी पडला याला आहे. बोलणी चालू ठेवा, पण अर्ज टाकून ठेवा. बोलणी जुळली तर तीच तडजोड म्हणून कोर्टात लिहून देता येते. मी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकला.

वकील मला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या, फुकट. १९८७ चा कायदा स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतो. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, १५१०० वर फोन केला तरी कळतं. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं मला चार जणांनी ऐकवलं होतं. माझा अनुभव तसा नाही, आणि तो इथे नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

वकीलताईंनी आधी जुन्या हुकमाची नक्कल काढायला लावली. ती वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं: यापुढे उभयतांची एकमेकांवर कसलीही मागणी राहणार नाही. माझ्या पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, "हे तुझ्यापुरतं आहे. लेकराच्या हक्कावर आईला सही करून पाणी सोडता येत नाही." हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ मुलांसाठीच आहे: ताबा, खर्च, शिक्षण. हुकूमनामा झाल्यावरही त्याच कोर्टात अर्ज करून यातलं काहीही बदलून मागता येतं. ताब्याचे हुकूम मुळातच तात्पुरते असतात, संमतीने झालेले असले तरी लेकराच्या भल्यासाठी बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगून ठेवलंय. ज्यांची खावटी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाली त्यांचा रस्ता वेगळा. त्यांनी पूर्वी कलम १२७ खाली वाढ किंवा घट मागायची. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात ते कलम १४६ झालंय.

घटही मागता येते. नोकरी गेली, आजारपण आलं, तर देणाऱ्यालाही तो हक्क आहे, आणि असायलाच पाहिजे. आमच्याकडे झालंही तसंच. ऑगस्ट-सप्टेंबरात जो पाऊस झाला तो सगळ्या मराठवाड्याने पाहिला. पोरीच्या वडिलांची नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली, उभं सोयाबीन कुजलं. त्यांनी पंचनामा जोडून म्हणणं दाखल केलं की वाढ तर सोडाच, आहे तेवढं देणंसुद्धा जड जातंय. पिकाचं मला खोटं म्हणता येत नव्हतं. माझ्या भावाच्या शेतातही तेच झालं होतं. पण त्यांचं कृषी सेवा केंद्रही आहे, आणि त्याबद्दल एका ओळीत लिहिलं होतं की दुकान धाकट्या भावाच्या नावावर आहे, आपण तिथे फक्त बसतो.

त्याच रजनीश-नेहा निकालामुळे दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी-घेणी सांगणारं शपथपत्र द्यावं लागतं. दोन्ही बाजूंना, म्हणजे मलाही. मी रात्री वही घेऊन बसले. साधा ब्लाऊज किती, अस्तराचा किती, लग्नसराईत आठवड्याला किती पडतात आणि आषाढात दुकान कसं रिकामं असतं. फोनपेचं स्टेटमेंट काढलं, बचत गटाचं कर्ज लिहिलं, गळ्यातली बोरमाळसुद्धा लिहिली. भाऊ म्हणाला, "कमी दाखव की, कोण बघायला येतंय." मी नाही दाखवलं. समोरच्याने खरं सांगावं अशी अपेक्षा असेल तर आपली वही आधी खरी पाहिजे, हे तर झालंच. पण कोर्टात एक आकडा खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते. लेकीचा खर्च मात्र पावतीसकट मांडला. मेसवाल्या मावशी पावती देत नव्हत्या, त्यांच्याकडून वहीच्या पानावर तारीखवार लिहून सही घेतली.

दुकानाचं कसं दाखवायचं हा प्रश्न होता. माझा भाऊ एकदा त्या बाजूला गेला तेव्हा त्याने त्या दुकानातून तणनाशकाची एक बाटली घेतली आणि काउंटरवरच्या क्यूआर कोडवर पैसे दिले. मोबाईलवर पैसे कुणाला गेले ते नाव आलं. ते धाकट्या भावाचं नव्हतं. मोबाईलचा स्क्रीनशॉट नुसता जोडून चालत नाही, त्याबरोबर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकीलताईंनी करून घेतलं. एवढ्या पुराव्यावर कुणाचं उत्पन्न ठरत नाही, पण त्यावरून कोर्टाने त्यांना त्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट आणायला सांगितलं. ते आल्यावर "फक्त बसतो" हे वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

तारखांच्या वेळी कोर्टाच्या व्हरांड्यात कंधारकडची एक बाई भेटायची. तिचा हुकूम कलम १२५ चा. नवरा दसरा झाला की टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जातो, नोटीस गावच्या पत्त्यावरून तशीच परत येते. ती बिचारी तीन वर्षं वाट बघत राहिली, एकदम मागू म्हणून. पण वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मागची दोन वर्षं त्या वाटेने मागायची सोय राहिली नव्हती. हे तिला हुकूम हातात पडला त्या दिवशी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. आणि नवरा महिनाभर तुरुंगात जाऊन आला म्हणजे थकबाकी फिटली असंही नसतं, हे तिला तिच्या वकिलांनी माझ्यासमोर सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा धीर आला.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती. म्हणण्याबरोबरच त्यांनी ताब्याचा उलटा अर्ज टाकला. त्यात लिहिलं होतं: नांदेडलाही नीटचे क्लास आहेत, माझं घर नांदेडात आहे, मुलगी माझ्याकडे राहिली तर रूम-मेसचा खर्चच नको, घरचं जेवण मिळेल, आजी आहे. वाचून मी थरथरले. पण रागाच्या भरातसुद्धा मला दिसत होतं की यात वेडगळ काही नाही. पोर मेसचं खाऊन दोनदा आजारी पडली होती, आणि उदगीरला माझ्याजवळ तरी ती कुठे होती? ताबा माझा आणि पोर लातूरच्या खोलीत, असं कुणी म्हटलं असतं तर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

न्यायाधीश मॅडमनी पोरीला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही दोघं बाहेर, एकाच बाकाच्या दोन टोकांना. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातच आहे की लेकरू स्वतःचं मत बनवण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं. पंधरा वर्षांची पोर होती, आणि आमच्या दोघांपेक्षा तिचं डोकं शांत होतं. बऱ्याच वेळाने बाहेर आली. आत काय बोलली ते मी विचारलं नाही, त्यांनीही नाही. नंतर एसटीत तिने आपणहून एवढंच सांगितलं: "मी म्हणलं, क्लास बदलायचा नाही, सुरू झालाय. पण सुट्टीत मला पप्पांकडं राहायचंय, रविवारचे चार तास मला कधीच पुरले नाहीत." रविवारचे सहा तास तिच्या लेखी चारच होते. जायला-यायला, जेवायला वेळ जायचा. इतक्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत हुकूम झाला. मी बारा हजार मागितले होते, साडेआठ मिळाले. पिकाचं नुकसान कोर्टाने धरलं, दुकानही धरलं. रक्कम जुलैपासून, दिलेले तीन-तीन हजार वजा करून, बाकी तीन हप्त्यांत. ताबा माझ्याकडेच. दुसऱ्या-चौथ्या रविवारची भेट रद्द. त्याऐवजी वडिलांनी आदल्या दिवशी कळवून कुठल्याही रविवारी टेस्ट झाल्यावर लातूरला भेटायचं, आणि दिवाळी-उन्हाळ्याची निम्मी सुट्टी तिने नांदेडला काढायची. माझ्या मागण्यांत सुट्टीचा शब्दही नव्हता. तरी आज मला विचाराल तर हुकमातली सगळ्यात नेमकी ओळ तीच आहे.

पहिला हप्ता जमा झालाय, दुसरा आठवडाभर उशिरा आला. तारीख लिहून ठेवली आहे.

पुढची तारीख आहे २०२७ चा नोव्हेंबर. तेव्हा पोर अठरा पूर्ण करील आणि कलम २६ चा हा हुकूम संपेल, कारण तो अज्ञान मुलांपुरता असतो. त्यानंतर १९५६ च्या दत्तक आणि निर्वाह कायद्याचं कलम २० लागू होतं. अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईतून निर्वाह करता येत नसेल तर ती सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे निर्वाह मागू शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अभिलाषा खटल्यात ते स्पष्ट केलंय. तो अर्ज मला करता येणार नाही, तिलाच करावा लागेल. करायचा की वडिलांशी बोलून घ्यायचं ते ती ठरवेल. मी फक्त पावत्यांची फाईल वेगळी केली आहे आणि तिच्यावर तिचं नाव घातलंय.