मावशीच्या लॅपटॉपचं वायफाय कोणी बंद केलं?

रविवार, रात्री

लॅपटॉपला काहीही झालं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, फॉरमॅट मार. दोन, आता नवीन घे. ठाण्याला चरईतल्या मावशीला दोन्ही मिळून झाले होते. पहिला खालच्या मजल्यावरच्या काकांनी दिला. दुसरा स्टेशनजवळच्या एका दुकानात मिळाला. तिथल्या मुलाने मशीन सुरू करून जेमतेम पाहिलं आणि "वायफाय कार्ड गेलंय, एवढ्या जुन्यावर खर्च कशाला करता आजी" म्हणत परत दिलं. कार्ड गेल्याचं मावशीला फारसं काही वाटलं नाही. 'आजी' मात्र लागलं.

मावशी सोसायटीची खजिनदार. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, ३१ मार्चचा ताळेबंद, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सभेचे कागद, सगळं याच लॅपटॉपवर. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ च्या अटींत हे मशीन बसत नव्हतं, म्हणून मी त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाकून दिली होती. तेव्हा वायफाय गेल्यावर संशय कोणावर, हे उघडच होतं. "तू ते काय टाकलंस ना, त्यानेच झालं असणार," असं ती फोनवर म्हणाली. मावशीशी फोनवर वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही, म्हणून सकाळी ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडली.

पोहे झाल्यावर बसलो. कार्ड खरंच गेलंय का, हे स्क्रू न काढताही कळतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय -के' दिलं की मदरबोर्डवर काय काय जोडलेलं आहे त्याची यादी येते. त्यात इंटेलचं वायरलेस कार्ड नीट दिसत होतं, खाली त्याच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नावही होतं. पार मेलेलं कार्ड सहसा या यादीत येत नाही. म्हणजे कार्ड जागं होतं आणि ड्रायव्हरला ओळखही देत होतं, फक्त बोलत नव्हतं.

मग आरएफकिल लिस्ट, म्हणजे रेडिओ कुठे अडवलाय ते दाखवणारी कमांड. वायरलेस लॅनच्या खाली दोन ओळी आल्या: सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस.

माझ्या मते अर्धं निदान या दोन ओळींतच होतं. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेलं कुलूप. कोणीतरी एअरप्लेन मोड लावला, चुकून एफएनबरोबरचं बटण दाबलं गेलं, असलं काहीतरी. ते 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' म्हटलं की निघतं. हार्ड ब्लॉक तसा नाही, ते कुलूप हार्डवेअरकडून येतं. बिल्डिंगच्या मीटर रूममधला मेन स्विच खाली असेल तर घरातली बटणं कितीही खटखटवली तरी पंखा फिरत नाही, तसं आहे ते. फॉरमॅट मारा, विंडोज परत टाका, दुसरं लिनक्स टाका, कुलूप तिथेच. मावशीला एवढंच सांगितलं की बंद करणारा मिंट नाही, दुसरं कोणीतरी आहे. "मग कोण?" हा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. काय बिघडलंय यापेक्षा कोणी बंद केलंय हे शोधलं तर काम लवकर संपतं.

काही लॅपटॉपवर 'हार्ड ब्लॉक्ड, येस' ही नुसती थाप असते. कंपनीच्या खास बटणांसाठी जो वेगळा ड्रायव्हर असतो, तो नसलेल्याच स्विचबद्दल 'बंद आहे' असं कळवत राहतो. अशा वेळी त्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलं, म्हणजे सुरूच होऊ दिलं नाही, की वायफाय सुरू होतं, मशीन उघडावंही लागत नाही. इथे तसं नव्हतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींत, कार्डाच्या स्वतःच्या ड्रायव्हरची ओळ होती की रेडिओ बंद ठेवायचा इशारा आलाय. इशारा थेट कार्डापर्यंत पोचत होता. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वायरलेस चालू होतं. उरला तो स्विच.

समोरच्या कडेला, हात टेकतात त्याच्या खाली, नखाएवढा सरकता स्विच. बाजूला अँटेनाचं पुसट चित्र. २०१० च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपना असे स्विच असत. विमानात रेडिओ चटकन बंद करता यावा, बॅटरी वाचावी, हा हेतू. मावशीच्या लॅपटॉपने आजवर केलेला सगळ्यात लांबचा प्रवास डोंबिवलीचा. नवी मुंबईत विमानतळ झाला तरी त्यात काही फरक पडेलसं वाटत नाही.

स्विच इकडून तिकडे सरकत होता, पण कुठल्याच टोकाला अडकत नव्हता, टक असा आवाजही नाही. वरची टोपी सरकायची, आतलं जागचं हलायचं नाही. आत कुठेतरी तुटला होता, आणि तोही 'बंद'वरच. मदरबोर्डला डाग दिलेला एवढासा स्विच बदलायचा म्हणजे अख्खं मशीन सोलायचं. ते मी करणार नव्हतो.

आता यातली मजेची गोष्ट. या जुन्या लॅपटॉपमधली वायफाय कार्डं मिनी पीसीआय एक्स्प्रेस जातीची असतात. कडेला सोनेरी पट्ट्या, दोन्ही बाजू मिळून ५२. त्यातली २० नंबरची पट्टी फक्त एका कामासाठी आहे: रेडिओ बंद ठेव, हा निरोप आणायला. या पट्टीवरचा व्होल्टेज खाली ओढला की कार्ड गप्प बसतं. कोणी ओढलाच नाही तर ते स्वतःहून चालू राहतं. म्हणजे निरोप पोचूच दिला नाही की झालं.

याचा दुसरा अर्थ असा की दुकानाचं निदान खरं मानून नवीन कार्ड घातलं असतं तर तेही तसंच गप्प बसलं असतं, कारण निरोप मदरबोर्डकडून येतो. शिवाय काही कंपन्यांचं बायोस आपल्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होऊ देत नाही, ती डोकेदुखी वेगळी.

गावदेवीकडच्या एका मोबाइल रिपेअरवाल्याकडून बोटभर कॅप्टॉन टेप आणली, ती पिवळसर, पारदर्शक. हॉट एअर मारताना शेजारचे पार्ट झाकायला ती त्यांच्याकडे असतेच. पैसे घेतले नाहीत त्याने. साधी सेलोटेप चालली असती, पण आतल्या उष्णतेने तिचा गोंद पाघळतो आणि सॉकेटमध्ये चिकटा होतो.

चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. मागचं झाकण उघडून दोन स्क्रू काढताच कार्ड आपोआप तिरकं उचललं गेलं. त्याला अँटेनाच्या दोन वायरी असतात, एक काळी, एक पांढरी. वायरींना ढील होती, म्हणून त्या न काढताच कार्ड उलटं केलं. सम आकड्यांच्या पट्ट्या मागच्या बाजूला असतात. कडेला एक खाच आहे, तिच्या लांब बाजूला पहिली पट्टी १८, दुसरी २०. दोन पट्ट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. मावशीने पूजेच्या समईची वात सारखी करायचा चिमटा दिला, मोबाइलचा टॉर्च धरला, आणि माझा हात हलला की "हळू रे" म्हणत राहिली. टेपची दोऱ्याएवढी पट्टी कापून बरोबर २० वर बसवली, टोक मागे दुमडलं, नाहीतर कार्ड खोचताना ती सरकते.

सुरू केल्यावर हार्ड ब्लॉक्ड, नो. वरच्या मजल्यावरच्या राउटरपासून समोरच्या बँकेपर्यंत सगळी नावं भराभर दिसली. मावशीच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झवालं नाव नाही दिसलं, आणि दिसणारही नव्हतं. हे कार्ड २.४ वरच चालतं. बिलं मेल करायला तेवढं पुरे.

यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वायफाय, घेऊनही काम झालं असतं, हे खरं. अनोळखी माणसाने विचारलं तर मी आधी तेच सांगेन. पण या लॅपटॉपचा एक यूएसबी ढिला, दुसऱ्यात माउस, आणि टेबलावर मावशीच्या फायली, औषधं, भाजीची पिशवी. तिथे बाहेर आलेला डोंगल टिकला नसता.

निघेपर्यंत तिने थकबाकीदारांना मेल पाठवून टाकले होते. पहिलं नाव खालच्या काकांचं. मी काही बोललो नाही.

आता तो स्विच शोभेचा आहे. वायफाय बंद करायचं तर कोपऱ्यातल्या चिन्हावरून, ते तिला दाखवून ठेवलं. ब्लूटूथ अजून बंदच दिसतं. त्याचं मोड्यूल वेगळं आहे आणि त्याला निरोप दुसऱ्या वाटेने जातो. त्याला हात लावला नाही, मावशीचा माउस वायरचा आहे.