हवेचा दंड : बायसेप्स लागला, ट्रायसेप्स बाकी

कोपर वाकवणाऱ्या हाताचे रबरबँडचे मॉडेल कायम ताणलेलेच असते, त्यातून स्नायू आखडणे आणि सैल पडणे कळत नाही. म्हणून हवेचा स्नायू. आधी बायसेप्स, म्हणजे दंडाच्या पुढचा, कोपर वाकवणारा स्नायू.

वायरिंगची जाळीदार नायलॉन स्लीव्ह, १२ मिमी. आत एकात एक घातलेले दोन लांबट फुगे. जाळीची टोके लायटरने किंचित वितळवून घ्या, नाहीतर ती उसवते. एका टोकात ६ मिमी पीयू (पॉलीयुरेथेन) नळी, दुसऱ्यात त्याच नळीचा बुजवलेला तुकडा, वरून दोन-दोन केबल टाय. टायमधले अंतर २४ सेंमी. टाय ढिला राहिला की फुगा जाळीतून डोकावतो आणि तिथेच फुटतो. सायकलच्या पंपाने २५-३० पीएसआय (पंपाच्या काट्यावरचा दाब) भरले की २४ चे साधारण १९ सेंमी होतात. ६० मिलीची सिरिंज पुरत नाही, एका दाबात तेवढी हवा जातच नाही.

दंडाची पट्टी २८ सेंमी, पुढचा हात २७, कोपराला ६ मिमी बोल्ट आणि नायलॉक (आपोआप ढिला न होणारा) नट. स्नायूचा आकडा (हुक) कोपरापासून ३ सेंमीवर. खरी मेख इथेच आहे. आकडा पट्टीला चिकटवून लावला तर सरळ हातात सगळी ओढ बोल्टमधूनच जाते आणि हात जागचा हलत नाही. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे पट्टीपासून दीड सेंमी पुढे काढा. शरीरातही बायसेप्सचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सांध्याच्या पुढूनच जातो.

कंडऱ्यासाठी नायलॉनची विणीव दोरी घ्या. सोलापुरात सूत मुबलक, पण टॉवेलचे सूत ताणाखाली लांबते आणि आखडण्यातला काही भाग त्यातच जातो.

काटकोनात तळहाताला २०० ग्रॅम टांगून स्नायूच्या जागी ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) लावला, तर पट्टीच्या वजनासकट दोन किलोंच्या वर ओढ दिसते. २७ भागिले ३, म्हणजे नऊपट. मुलांनी हे स्वतः ओढून पाहावे. मोबदल्यात आकडा थोडासा सरकला तरी तळहात लांब फिरतो.

एक फरक सांगायलाच हवा: खऱ्या स्नायूचे आकारमान आखडताना जवळपास तेवढेच राहते, इथे मात्र हवा भरल्याने वाढते.

ट्रायसेप्ससाठी, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या दंडामागच्या स्नायूसाठी, पुढच्या हाताची पट्टी बोल्टमागे अडीच सेंमी वाढवली आहे. त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागेल, कारण दोन्हींत हवा राहिली तर कोपर ताठ होते. एप्रिल-मेच्या उन्हात फुगे चिकटतात, टाल्कम लावून डब्यात ठेवा.