कढीपत्त्याचं लाइट बिल

१००० वॅट! चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या टायपात. आणि खोक्याच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: प्रत्यक्ष वापर १०० वॅट. मग १००० आले कुठून? तर आतले एलईडी कागदोपत्री किती वॅट झेलू शकतात त्याची बेरीज, नाहीतर जुन्या सोडियम दिव्याशी केलेली तुलना. ज्याला जे सोयीचं. स्टॉकहोममध्ये बसून ऑनलाइन ग्रो लाइट, म्हणजे घरात रोपं वाढवायचे दिवे, बघताना हा बाजार पाहिला आणि डोकंच फिरलं. आपल्याकडे २०२३पासून छताचा पंखासुद्धा स्टारचं लेबल लावल्याशिवाय विकता येत नाही, हे मी ऑफिसात मुद्दाम ऐकवलं. (आपले इन्व्हर्टरवाले खोक्यावर काय काय छापतात, ते नाही सांगितलं.)

प्रकरण कढीपत्त्याचं आहे. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सहा तासांचा, त्यातही सूर्य समोरच्या इमारतीच्या वर येतच नाही. पुण्यातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. रोपानं पानं टाकायला सुरुवात केली, तेव्हा दिव्याला पर्याय उरला नाही.

वॅटवर विसंबू नका, तसं ल्युमेनवरही नाही. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, हिरव्या-पिवळ्या उजेडाला झुकतं माप देणारं. रोपाला किती उजेड पोचतो ते पीपीएफडीवरून कळतं: एक चौरस मीटर जागेवर सेकंदाला रोपाच्या कामाचे किती प्रकाशकण पडतात त्याचं माप, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हात ते २०००च्या आसपास असतं. मनी प्लांट ५०वरही तग धरतो. कढीपत्त्यासाठी मी २५० धरले, रोज १२ तास. आकड्याशेजारी अंतर लिहिलेलं नसेल तर तो दिवा सरळ सोडून द्यायचा, कारण दिवा जरा वर टांगला की उजेड भराभर उतरतो.

जांभळा दिवा घेतला नाही. लाल-निळ्या उजेडात रोप वाढतं, पण पानं काळपट दिसतात आणि मावा पडला तरी कळत नाही. शिवाय आम्ही तळमजल्यावर. जांभळी खिडकी पाहून लोकांना भलत्याच रोपाची शंका येते, आणि गांजाच्या बाबतीत स्वीडनचा कायदा कडक आहे. म्हणून पांढरा घेतला, ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे इथे उजेडाची छटा), प्रत्यक्ष ३० वॅट खाणारा. पांढरा एलईडी बहुतेक वेळा मुळात निळाच असतो, वर फॉस्फरचा थर, जो त्यातल्या काही निळ्या उजेडाचा पिवळा करतो. त्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच शहरात मिळालं. तिघांच्या कृपेवर माझी फोडणी चालली आहे.

एक मात्र मानलं पाहिजे. इथे वस्तू मुळातच सदोष निघाली तर तीन वर्षांपर्यंत दुकानदाराकडे दाद मागता येते, आणि ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते.

आई फोनवर म्हणाली, "अगं, भाजीवर फुकट मिळतो त्याला लाइट बिल?" ३० वॅट, १२ तास, म्हणजे महिन्याला साधारण ११ युनिटं. तिच्या गीझरचं एक युनिट अर्ध्या तासात उडतं. आणि इथे एशियन दुकानात कढीपत्ता असेलच याचा भरवसा नाही. भारतातून येणाऱ्या पाल्याची कीटकनाशकांसाठी युरोपच्या सीमेवर जादा तपासणी होते. ती व्हावी, असंही इथे आल्यापासून वाटायला लागलंय.

एप्रिलपर्यंत दिवा चालेल. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही, तेव्हा आईला बिलाचा हिशेब पुन्हा पाठवेन.