हिंदी शिपायांची थोरली 'ऑर्डर ऑफ मेरिट'

'ऑर्डर ऑफ मेरिट' म्हटले की सातव्या एडवर्डने १९०२ साली आपल्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने स्थापन केलेला आणि एका वेळी २४ जणांपुरताच मर्यादित असलेला ब्रिटिश राजसन्मान आठवतो. मात्र याच नावाचा सन्मान हिंदुस्थानात त्याआधी ६५ वर्षे दिला जात होता, आणि राजाच्या नव्या सन्मानाशी गल्लत होऊ नये म्हणून १९०२ मध्ये या जुन्या सन्मानालाच 'इंडियन' हे विशेषण जोडण्यात आले. थोरल्याने धाकट्यासाठी आपले नाव सोडावे, हे मला आजही खटकते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या जवळजवळ दोन दशके आधी, हा सन्मान केवळ हिंदी सैनिकांसाठी सुरू केला. गडद निळ्या, लाल काठाच्या फितीवर आठ टोकांचा तारा असे आणि त्याच्या मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या तलवारींभोवती 'रिवॉर्ड ऑफ व्हॅलर' ही अक्षरे असत. त्याचे दर्जे तीन होते. तिसऱ्या दर्जाच्या मानकऱ्याचा पगार एक तृतीयांशाने वाढे आणि पहिल्या दर्जात तो दुप्पट होई. पण नियमानुसार प्रत्येक शिपायाला सुरुवात तिसऱ्या दर्जापासूनच करावी लागे. पहिल्या दर्जापर्यंत पोचायचे तर त्याने तीन वेगवेगळ्या प्रसंगी असामान्य शौर्य गाजवायला हवे आणि दरम्यान जिवंतही राहायला हवे.

या नियमाची कठोरता सारागढीला दिसते. १२ सप्टेंबर १८९७ रोजी समाना डोंगररांगेतील त्या लहानशा ठाण्यावर ३६व्या शीख पलटणीचे २१ जवान अखेरपर्यंत लढून धारातीर्थी पडले. त्या सर्वांना मरणोत्तर हा सन्मान मिळाला, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु तो तिसऱ्या दर्जाचा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाला तो १९११ मध्ये. त्यामुळेच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतील पराक्रमासाठी तो मिळू शकला. घाडगे १० जुलै १९४४ रोजी लढतानाच पडले. हेच शौर्य १९११ पूर्वीचे असते, तर नियमाने त्यांच्या नावापुढेही तिसरा दर्जाच लिहिला गेला असता.