पासवर्डचा तो रकाना: लॅपटॉप दुरुस्तीचा माझा अनुभव

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, त्यात सर्व्हिस सेंटरचा काहीच दोष नाही. माझा राग आहे तो त्यांच्या फॉर्मवरच्या एका रकान्यावर. नाव, फोन, सिरीयल नंबर आणि त्याखाली लाल चांदणी मारलेला 'लॉगिन पासवर्ड'. चांदणी म्हणजे भरलाच पाहिजे.

मी लोकांचे हिशेब लिहिते. त्यांची बँक स्टेटमेंटं, सह्यांचे कागद, ओळखपत्रांच्या प्रती, सगळं माझ्या मशीनवर असतं. म्हणून बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी करणारी) विंडोजमधली सोय, आधीच चालू केलं होतं. विंडोज प्रो होतं, दोन-चार क्लिकमध्ये काम झालं. नुसत्या लॉगिन पासवर्डच्या भरवशावर राहू नका. चोराने डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तो पासवर्ड कुणी विचारतसुद्धा नाही, फाइली सरळ उघडतात. एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर त्याच्या हाती निव्वळ कचरा लागतो.

तर काउंटरवरचा संवाद असा:

"मॅडम, पासवर्ड टाका ना."

"मदरबोर्ड बदलायला पासवर्ड कशाला?"

"टेस्टिंगला लागतो. सगळेच देतात."

"तुमचा टेस्टिंगचा पेनड्राइव्ह असेल ना?"

"आहे, पण रकाना रिकामा ठेवला तर सिस्टीम जॉबशीट घेत नाही."

'सगळेच देतात' ऐकल्यावर तर मी हटूनच बसले. कीबोर्ड, स्क्रीन, वायफाय, स्पीकर, सगळं लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करून तपासता येतं. नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाला आपण कपाटाची किल्ली देतो का? मागे रांग वाढत होती, एक-दोघांनी मोठ्याने उसासेही टाकले. टाकोत. शेवटी सुपरवायझर आले आणि त्यांनी त्या रकान्यात चक्क 'एनए' टाइप केलं. घेतलं की सिस्टीमने! जॉबशीटवर 'डिस्क एन्क्रिप्टेड, पासवर्ड दिलेला नाही' असंही मी लिहून घेतलं.

मग फोन आला. बोर्ड बदललाय, पण निळी स्क्रीन येतेय, रिकव्हरी की मागतेय. रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायची राखीव किल्ली, ती मागणारच. डिस्कची किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते आणि ती चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली. नवा बोर्ड डिस्कसाठी परकाच. पुढचं वाक्य मात्र ऐका: "कीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, आणि हा माणूस ते स्क्रीन पुसून देतो अशा थाटात सांगत होता. मी लगेच ईमेल केला: डिस्क फॉरमॅट करू नये, बदलू नये, की मी स्वतः येऊन टाकेन. (हा ईमेल जमा करतानाच करावा. आणि डिस्क सहज निघत असेल तर ती घरी ठेवूनच लॅपटॉप द्यावा. माझ्या वेळी वॉरंटीवरून वाद नको म्हणून मी खालचं कव्हर उघडलं नव्हतं.) त्यावर उत्तर नाही. ऑनलाइन स्टेटस मात्र 'ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा'! उत्तर माझं गेलेलं, प्रतीक्षाही मीच करतेय. फोन केला की "टेक्निशियनला सांगतो." अखेर न सांगताच जाऊन उभी राहिले.

की 48 आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. बिटलॉकर चालू केलं त्या दिवशीच प्रिंट काढून कपाटात ठेवली होती, आणि याचा मला अजून अभिमान वाटतो. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं कागदाशी जुळवून घ्या, म्हणजे भलतीच की टाकत बसणार नाही. प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो पकडला जातो. टेक्निशियन खांद्यावरून बघत होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं. आठवा गट टाकला, विंडोज सुरू झालं, एक फाइल उघडून पाहिली आणि जिवात जीव आला.

घरी आल्यावर जुना टीपीएम प्रोटेक्टर (डिस्कची किल्ली जुन्या चिपशी बांधणारी नोंद) काढून नव्या चिपसाठी नवा जोडला, नाहीतर सुरू करताना पुन्हा की मागितली असती. मदरबोर्ड नाही, नुसतं बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तर आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा. डिस्क त्याने डिक्रिप्ट होत नाही, फक्त पहारा तेवढ्यापुरता सैल होतो.

आणि हो, हे सगळं चोरीला गेलेल्या, बंद मशीनसाठी. तुम्ही लॉगिन करून बसलेले असताना एखादा व्हायरस आत शिरला तर त्याच्यासाठी डिस्क उघडीच असते. त्यासाठी अपडेट्स आणि टू-फॅक्टरला (पासवर्डसोबत आणखी एक पडताळणी) पर्याय नाही.

बॅकअपची एक्स्टर्नल डिस्कसुद्धा बिटलॉकर टू गोने, म्हणजे बाहेरून जोडायच्या डिस्कसाठीच्या बिटलॉकरने, लॉक करा. तिची रिकव्हरी की वेगळी असते, लॅपटॉपची तिला चालत नाही, तेव्हा तीही छापा.